लोक म्हणजे मी सोडून

भाकीत करण्याचा रोग आमच्या घराण्यात पिढीजात आहे. मधुमेह आजोळाकडून आला आणि भाकितं वडिलांकडून. पैकी मधुमेहाला निदान गोळी तरी मिळते.

भाकीत म्हणजे हात पाहणं किंवा पत्रिका मांडणं नव्हे. त्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. आमची भाकितं लोकांविषयी असतात. लोक उद्या कोणाला मत देतील, कशाला नाही म्हणतील, कोणत्या गोष्टीवर खवळतील आणि कोणती मुकाट्याने गिळतील, हे सगळं आम्हाला आजच कळतं. आणि एकदा कळलं की सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत एक वर्तमानपत्र पाच बिऱ्हाडांत फिरायचं. ते आमच्या दारात यायचं शेवटी, पण बाबांना सकाळीच माहीत असायचं आत काय आहे ते. वाचायचं ते फक्त ताळा करून पाहायला.

बाबांचं सगळ्यांत मोठं भाकीत 1967 सालचं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर गोव्याच्या लोकांनीच मत द्यायचं ठरलं होतं. तारीख 16 जानेवारी. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं. आमचं मूळ गाव सावंतवाडीकडचं, म्हणजे गोव्याच्या कुंपणालाच लागून. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार चाळीत फक्त बाबांना होता, आणि तो त्यांनी मनसोक्त वापरला.

"अरे, मंगेशी कुणाची? शांतादुर्गा कुणाची? अर्ध्या गिरगावची कुलदैवतं तिकडे बसलीत!" गॅलरीत उभे राहून बाबा विचारायचे. "भाऊसाहेब बांदोडकरांना निवडून कोणी दिलं? विलीनीकरण पाहिजे म्हणणाऱ्या पक्षाला लोकांनी राज्य दिलं, आता तेच लोक विलीनीकरणाला नको म्हणतील होय?"

बिनतोड युक्तिवाद. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मलासुद्धा तो बिनतोड वाटला होता. दहा वर्षांच्या मुलाला जो युक्तिवाद पूर्ण पटतो तो तपासून घ्यावा, हे शहाणपण फार उशिरा आलं. मतमोजणीच्या आदल्या दिवशी बाबांनी किलोभर पेढे आणून फडताळात ठेवले.

निकाल लागला. फुलाला 1,38,170 मतं पडली आणि दोन पानांना 1,72,191. म्हणजे आमचे पेढे 34,021 मतांनी पडले. पुढे चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही आणि आम्ही मुलं ते पेढे गुपचूप खात होतो. पराभवाची चव इतकी चांगली असते हे मला त्यानंतर पुन्हा कधी अनुभवायला मिळालं नाही.

पण बाबांना खरा धक्का बसला तो मार्चमध्ये. गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी 30 पैकी 16 जागा देऊन पुन्हा भाऊसाहेबांचाच पक्ष निवडून दिला. बाबा अक्षरशः डोकं धरून बसले. "या लोकांना हवंय तरी काय?" वास्तविक लोकांनी ते दोनदा स्वच्छ सांगितलं होतं. राज्य भाऊसाहेबांनी करावं, पण इथे बसून करावं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते बाबांनी लोकांच्या तोंडी घातलेलं वाक्य नव्हतं.

त्या वेळी आमची आजी एकच गोष्ट बोलली. आमच्याकडे गावाला अडल्यानडल्या वेळी देवाला कौल लावतात. गुरव पाकळ्या ओल्या करून मूर्तीला चिकटवतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आजीने उभं आयुष्य असे कौल पाहिलेले. फडताळातल्या पुड्याकडे पाहून ती म्हणाली, "अरे, कौल लावायच्या आधी पेढे आणतात का?"

बाबांनंतर रोग माझ्याकडे आला, आणि त्याला परदेशगमनाचा योग होता. माझा पुतण्या कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. 2012 च्या शरद ऋतूत आम्ही उभयता त्याच्याकडे तीन महिने राहायला गेलो होतो. एके दिवशी टेबलावर एक जाडजूड पुस्तिका दिसली. मला वाटलं टेलिफोन डिरेक्टरी. पाहतो तर सरकारने घरपोच पाठवलेली मतदारांची पुस्तिका! त्या राज्यात माणसं निवडायची असतातच, शिवाय कायद्यांवर आणि करांवर सुद्धा लोकांनी थेट मत द्यायचं असतं. प्रस्ताव क्रमांक अमुक. कर वाढवावा की वाढवू नये? होय किंवा नाही. खाली दोन्ही बाजूंचं म्हणणं छापलेलं.

मी थक्क झालो. आपल्याकडे कर हा पावसासारखा येतो. कमी पडला म्हणून कोणी विचारत नाही, जास्त पडला तर छत्री उघडायची. अर्थमंत्री भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी आपण काय महागलं ते चौकटीत वाचतो. कर वाढवू का, असं कोणी दारात येऊन विचारेल तर आपण आधी त्याचं ओळखपत्र मागू.

पुतण्याने मला इतिहास सांगितला. 1978 च्या जूनमध्ये तिथे प्रस्ताव 13 मताला आला. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्याबरोबर मालमत्ता कर वाढत होता आणि म्हातारी माणसं कराच्या बिलाला घाबरून बसली होती. प्रस्ताव असा की घराची 1975 च्या सुमाराची किंमत धरायची, कर तिच्या एक टक्क्याच्या वर न्यायचा नाही, आणि ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढवायची. घर विकलं की मात्र नवी किंमत लागू. शेकडा 65 च्या आसपास मतं पडून तो मंजूर झाला. त्यामुळे आता एकाच गल्लीत, एकाच मापाची दोन घरं शेजारी शेजारी असतात. एकात जुना मालक नाममात्र कर भरतो आणि दुसऱ्यात माझा पुतण्या त्याच्या कितीतरी पट भरतो.

"म्हणजे पागडी!" मी ओरडलो.

पुतण्याला कळेना. त्याचा जन्म ब्लॉकमधला. त्याला मी सांगितलं, की बाबा रे, हे आमच्या गिरगावात 1947 पासून चालू आहे. भाडे नियंत्रणाचा कायदा झाला आणि 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं ठरलं. एका खोलीत जुना भाडेकरू महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी भाड्यात राहतो, आणि शेजारच्या खोलीत नवा माणूस त्याच भिंतीला टेकून घाम पुसत पैसे मोजतो. मुंबईचा मालमत्ता करही 2010 पर्यंत घराच्या भाड्याच्या हिशेबाने लागायचा. भाडं गोठलेलं, म्हणून करही गोठलेला. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवला असेल, पण कॅलिफोर्नियाला मुगभाटात पोचायला 1978 उजाडावं लागलं.

तर त्या 2012 च्या पुस्तिकेत प्रस्ताव 30 होता. तिजोरी रिकामी झालेली. चार वर्षं सगळ्यांनी विक्रीकर डॉलरमागे पाव सेंट जास्त द्यायचा आणि वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांनी सात वर्षं जास्त प्राप्तिकर भरायचा. नाहीतर शाळांच्या पैशांना कात्री. मी पुस्तिका मिटली आणि निकाल देऊन टाकला. "पडणार. स्वतःवर कर लावून घ्या म्हटल्यावर कोण हो म्हणेल? लोक शेवटी खिशाला मत देतात."

प्रस्ताव शेकडा 55 मतांनी मंजूर झाला.

मी खचलो नाही. खचणारा माणूस भाकितं करतच नाही. 2020 साली टाळेबंदीत घरी बसलो असताना पुतण्याचा फोन आला. या वेळी प्रस्ताव 15 होता. त्या जुन्या 13 नंबरच्या पागडीचा फायदा मोठमोठ्या कंपन्यांच्या जागांनाही मिळत होता. तो काढून घ्यायचा आणि 30 लाख डॉलरच्या वरच्या व्यापारी मालमत्तांना आजच्या किमतीप्रमाणे कर लावायचा. राहत्या घरांना हात नाही, शेतीला हात नाही. पैसा जाणार शाळांना आणि स्थानिक संस्थांना. मी म्हटलं, "यात विचारायचं काय? दुसऱ्याच्या खिशातून कर जातोय, आपल्या पोरांची शाळा चालतेय. होणारच! लोक शेवटी खिशाला मत देतात."

प्रस्ताव पडला. विरुद्ध शेकडा 52, बाजूने 48. विरोधकांनी सांगितलं होतं की दुकानाचा कर शेवटी गिऱ्हाइकावरच येतो, आणि आज दुकान आलं तर उद्या घर येईल.

म्हणजे पाहा. ज्या लोकांनी आपणहून स्वतःवर कर लावून घेतला, त्यांनीच आठ वर्षांनी दुसऱ्यावर लावायला नकार दिला. माझा सिद्धांत एकच होता, तो दोन्ही वेळा वापरला, आणि दोन्ही वेळा उलटा पडला. दुसरा कोणी असता तर त्याने सिद्धांत बदलला असता. मी लोकांना दोष दिला.

याच सुमारास आमच्या घरी एक छोटी चकमक झाली. 2022 च्या जानेवारीत राज्य सरकारने मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. त्यावर कोणी कोणाचं मत घेतलं नाही. माझ्या मेहुण्याचं परळचं घर 480 फुटांचं आणि आमचं दादरचं 512. मी हिला म्हटलं, "यावर मतदान झालं असतं तर काय झालं असतं, सांगू?" ही म्हणाली, "ते राहू दे. तुम्ही काय केलं असतं ते सांगा." मी म्हटलं, "माझा प्रश्न कुठे आला? मी लोकांविषयी बोलतोय." ही काही बोलली नाही. तिने फक्त कुकरची शिट्टी काढली. पण हा प्रश्न टोचून राहिला, आणि पुढे तो भलत्या ठिकाणी वर आला.

आमची दादरची सोसायटी म्हणजे तळमजला अधिक तीन मजले. प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं, एकूण सोळा सभासद. आम्ही तळमजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. रोज सकाळी त्यांची टोपली मात्र दोरीने आमच्या खिडकीसमोरून खाली यायची. भाजीवाला तिच्यात मेथी, कोथिंबीर, दोन लिंबं टाकायचा, आणि टोपली हेलकावे खात वर जायची. एवढाच त्यांचा खालच्या जगाशी संबंध.

सेक्रेटरींनी ठराव आणला, की इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवायची आणि खर्च सोळा जणांनी सारखा वाटून घ्यायचा. माणशी सव्वा लाख, दहा हप्त्यांत. तळमजल्यावरच्यांनीसुद्धा. बोलाचाली नको म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गुप्त चिठ्ठ्या टाकायच्या.

झालं. आमच्याच घरात प्रस्ताव आला! मी रात्री जुन्या कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. तळमजला चार, विरुद्ध. त्यांना लिफ्टचा उपयोग काय? पहिला मजला चार, विरुद्ध. एक जिना कोणीही चढतो. दुसरा आणि तिसरा मिळून आठ, बाजूने. पण तिसऱ्या मजल्यावर अण्णा होते. अण्णा म्हणजे काटकसरीचा अर्क. आलेल्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू हिशेबाला वापरतात, पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवतात. सव्वा लाख वाचवायला अण्णा तीन जिने काय, कुतुबमिनार चढतील. तेव्हा अण्णा विरुद्ध. एकूण नऊ विरुद्ध सात. लिफ्ट पडणार.

"आणि तुम्ही?" हिने विचारलं.

"नऊमध्ये धरलाय ना मला. तळमजल्यात."

"धरलं कोणी?"

"मीच."

आता या उत्तरात काही चुकतंय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी माझं मत ठरवलं नव्हतं. मी ते माझ्याच भाकितातून वाचून दाखवलं होतं. खरं विचाराल तर ती टोपली रोज पाहून माझ्या मनात लिफ्ट व्हावी असंच होतं. आणि सव्वा लाख जड असले तरी अशक्य नव्हते, बँकेची पेन्शन वेळेवर येते. पण ठराव तर पडणारच आहे. मग आपण एकट्याने हो म्हणून उपयोग काय? मी चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं, तिची चौघडी केली आणि डब्यात टाकली. एका परीने भाकिताला हातभारही लागला.

चिठ्ठ्या मोजल्या. बाजूने पंधरा. विरुद्ध एक.

सभेत आधी टाळ्या झाल्या. मग हळूहळू सगळ्यांना त्या एकाची आठवण झाली, आणि सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे वळल्या. सेक्रेटरी समजूतदारपणे म्हणाले, "चालायचंच, लोकशाही आहे." कोणीतरी हसलं. अण्णा शांतपणे चष्मा पुसत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं.

बिरबलाची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. बादशहाने हुकूम केला की रात्री प्रत्येकाने एक तांब्या दूध हौदात ओतावं. प्रत्येकाला वाटलं, एवढे लोक दूध ओतणार आहेत, त्यात आपलं एक तांब्याभर पाणी कोणाला कळतंय? सकाळी हौद पाण्याने भरलेला. या गोष्टीचं तात्पर्य लबाडी असं आपल्याला सांगतात. मला त्या रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं, की ही मुळात भाकिताची गोष्ट आहे. त्या गावाने इतरांविषयी चांगलं भाकीत केलं, की लोक दूध ओततील, आणि स्वतः पाणी ओतलं. मी इतरांविषयी वाईट भाकीत केलं, की लोक पाणी ओततील, आणि स्वतः पाणी ओतलं. भाकीत चांगलं असो की वाईट, आपल्या तांब्यात पाणीच. लोक चांगले निघणार असतील तर माझी गरज नाही आणि वाईट निघणार असतील तर माझा उपयोग नाही. दोन्हीकडून सुटका! भाकिताचा खरा फायदा हाच असावा. खरं ठरण्याशी त्याला काय देणंघेणं?

आजीने पेढ्यांवरून जे सुचवलं होतं त्याचा अर्थ मला पंचावन्न वर्षांनी कळला. कौल मागणारा माणूस देवापुढे ओंजळ घेऊन उभा असतो. पाकळी कुठूनही पडो, ती त्याच्यावरही पडणार असते. भाकीत करणारा गाभाऱ्याच्या बाहेर, चपलांजवळ उभा राहून बाकीच्यांना सांगतो, डावी पडणार बघा! त्याने 'लोक' असा शब्द उच्चारला की समजावं, त्या लोकांत तो स्वतः नाही. सोळा माणसांपैकी आठ जणांची मनं मी चुकीची वाचली. सात शेजाऱ्यांना आणि अण्णांना मी बसल्या जागी कंजूष ठरवलं. बरोबर आलं ते विरोधी मत एकच, आणि ते बरोबर आणण्यासाठी मला फक्त नीच वागावं लागलं.

चार दिवसांनी जिन्यापाशी अण्णा भेटले. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "ते एक मत कोणाचं, तुमच्या लक्षात आलं असेल ना?"

माझ्या पोटात गोळा आला.

"पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं असणार हो. साहेब गेल्यापासून एकट्याच चालवतात सगळं. परवडत नसेल. मी सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, त्यांच्या हप्त्याला कमी पडलं तर माझ्याकडून घ्या, नाव मात्र सांगू नका. आणि लोक माझ्याकडे बघतात ते बघू देत. त्यांच्याकडे बघण्यापेक्षा बरं."

म्हणजे भाकीत अण्णांनीही केलं होतं, आणि तेही चुकलंच होतं. पण त्या भाकिताच्या पोटी त्यांनी स्वतःचं पाकीट काढून ठेवलं होतं. भाकीत चुकावं तर असं.

मी म्हणालो, "हो, असेल." तेवढंच बोललो. त्या महिन्याचा हप्ता मात्र तीन दिवस आधी भरला. यापलीकडे माझ्या हातून काही झालं नाही.

लिफ्ट बसली. पहिल्या दिवशी आजी खाली आल्या, आमच्याकडे बसल्या, चहा घेतला आणि खिडकीतून वर बघत म्हणाल्या, "अगंबाई, इथून अशी दिसायची होय माझी टोपली!" हिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उघडला. 

आता हे सगळं छापून येणार. अण्णा पुस्तकं विकत घेत नाहीत, माझ्याकडूनच वाचायला नेतात. या पुस्तकाची प्रत मात्र मीच त्यांना वर नेऊन देणार आहे. ते काय म्हणतील याचं भाकीत मी केलेलं नाही. लिफ्टने जायचा धीर अजून होत नाही, तेव्हा जिन्यानेच जाईन.